कशाच्या तुलनेत बचत?
आलिशान गाडीतील डिझेल आणि हायब्रिड : एक तपासणी

मोटारसायकल घेणारा विचारतो, ‘लिटरला किती देते?’ ट्रॅक्टरवाल्याला आपण विचारतो, ‘तासाला किती खातो?’ एस.टी.च्या बाबतीत मात्र प्रवासी लिटरचा हिशेब करीत नाही. जागा मिळेल की नाही एवढेच पाहतो. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातले दिघोरी हे भाताच्या पट्ट्यातले गाव. रोवणीच्या आधी चिखलणी करताना एकराला किती डिझेल जळले याचा हिशेब तिथला शेतकरी ठेवतो. ट्रॅक्टर लिटरला किती किलोमीटर गेला हे त्याच्या मनातही येत नाही. ही सगळी मापे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येक माप त्या त्या यंत्राच्या कामाला धरून आहे.

पण माप निवडणारा आणि माल विकणारा एकच असला तर काय होते? हे पाहण्यासाठी आम्ही एक लांबचे उदाहरण घेतले आहे. जर्मनीतील पोर्शे या कंपनीची ‘कायेन’ ही दणकट बांध्याची, आलिशान आणि अतिशय वेगवान गाडी. तिच्या मालिकेत डिझेल आणि हायब्रिड इंजिने आली तेव्हा ‘इंधनबचत’, ‘कमी प्रदूषण’ हे शब्द जाहिरातींत सर्वत्र दिसू लागले. त्या बचतीची ही तपासणी.

दिघोरीच्या वर्गात असली गाडी कशाला, असे कोणी शिक्षक विचारतील. कारणे साधी आहेत. ही गाडी गावात नसली तरी तिचे डिझेल आणि दिघोरीच्या पंपाचे डिझेल एकाच किमतीच्या धोरणाने बांधलेले होते. ‘हायब्रिड’ हा शब्द आता साध्या मोटारींच्या जाहिरातींतही आला आहे. आणि भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना असल्याने जिल्ह्यातल्या आयटीआयच्या मुलांना मोटार हा विषय पोटापाण्याचा आहे. त्यांना आकडे वाचता आले पाहिजेत.

एकाच घराण्यातली पाच भावंडे

कायेन २००२ साली बाजारात आली. शर्यतीच्या तोऱ्याच्या दोन दारी मोटारी बनविणाऱ्या कंपनीने एवढी अवजड गाडी काढावी, हेच तेव्हा अनेकांना रुचले नव्हते. २००९ साली तिला डिझेल इंजिन मिळाले आणि २०१० साली आलेल्या दुसऱ्या पिढीत डिझेलच्या जोडीला ‘एस हायब्रिड’ आली. हायब्रिड ही कल्पना मात्र नवी नव्हे. पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करायची आणि चाके विजेवर फिरवायची अशी मोटार फर्डिनांड पोर्शे यांनी व्हिएन्नाच्या लोनर कंपनीसाठी १९०० च्या सुमारासच बनविली होती.

२०१० च्या मालिकेचे अधिकृत आकडे पाहू. युरोपात ‘लिटरला किती किलोमीटर’ असे न सांगता ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असे सांगतात. म्हणजे आकडा जितका लहान तितकी गाडी काटकसरी.

टर्बो (पेट्रोल, ८ सिलिंडर) : ११.५ लिटर
एस (पेट्रोल, ८ सिलिंडर) : १०.५ लिटर
साधी (पेट्रोल, ६ सिलिंडर) : ९.९ लिटर
एस हायब्रिड (पेट्रोल, ६ सिलिंडर, जोडीला विजेची मोटर) : ८.२ लिटर
डिझेल (६ सिलिंडर) : ७.४ लिटर

आता विद्यार्थ्यांना विचारा : हायब्रिडने किती टक्के इंधन वाचविले? बहुतेक मुले लगेच भागाकार करू लागतील. जो विद्यार्थी हात वर करून ‘कशाच्या तुलनेत?’ असे विचारील, त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. टर्बोच्या तुलनेत बचत सुमारे २९ टक्के, एसच्या तुलनेत २२ टक्के, साध्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत १७ टक्के. आणि डिझेलच्या तुलनेत पाहिले तर बचत नाहीच, उलट ११ टक्के जादा खर्च. गाडी तीच, इंधन तेच, रस्ता तोच. बदलला तो फक्त शेजारी उभा केलेला सोबती. टक्केवारी सांगताना पाया सांगितला नाही तर तो आकडा अर्धवट राहतो. जाहिरातीत पाया निवडण्याचा अधिकार विक्रेत्याकडे असतो आणि तो नेहमी उधळ्या भावंडालाच शेजारी उभा करतो.

लिटर आणि लिटर सारखे नसतात

आता डिझेलची बाजू. ७.४ लिटर म्हणजे ८.२ पेक्षा कमी, तेव्हा डिझेलच सरस असे म्हणायचे काय? येथे दुसरा प्रश्न उभा राहतो : कोणत्या मापाने? डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३.२ कोटी जूल उष्णता मिळते, तर एक लिटर डिझेलपासून सुमारे ३.६ कोटी जूल. डिझेलच्या एका लिटरमध्ये कार्बनही जास्त असतो. एक लिटर पेट्रोलपासून सुमारे २.३५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर डिझेलपासून सुमारे २.६४ किलो.

हा गुणाकार फळ्यावर करून पाहावा. हायब्रिड : ८.२ × २.३५ म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे १९.३ किलो, अर्थात किलोमीटरला १९३ ग्रॅम. डिझेल : ७.४ × २.६४ म्हणजे सुमारे १९.५ किलो, किलोमीटरला १९५ ग्रॅम. कंपनीने जाहीर केलेले आकडेही हेच, १९३ आणि १९५. लिटरच्या मापाने डिझेल पुढे, कार्बनच्या मापाने दोघे जवळजवळ बरोबरीत. दुकानात तेल लिटरने आणि तूप किलोने घेऊन कोणते स्वस्त हे ठरविता येत नाही, तसेच हे आहे.

मग डिझेलचा खरा गुण कोणता? पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते आणि ताकद कमी हवी असेल तेव्हा हवेचीच वाट अरुंद करावी लागते. डिझेल इंजिनात नुसती हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने फवारलेले इंधन आपोआप पेटते. ताकद कमी-जास्त करायची ती फवाऱ्याच्या प्रमाणावरून. जास्त दाबामुळे आणि हवेची कोंडी टळल्यामुळे इंधनातल्या उष्णतेचा मोठा वाटा कामी येतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले तेव्हापासून हा गुण तसाच आहे. दिघोरीच्या बांधावरचे पाणी उपसणारे इंजिन आणि कायेनचे इंजिन या तत्त्वात सख्खे भाऊ आहेत.

काम किती दिले आहे?

इंजिन कितीही हुशार असले तरी त्याला दिलेले काम कमी होत नाही. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर या एकसारख्या वेगाने जाणारी गाडी घ्या. तिला दोन विरोध मोडून काढावे लागतात. एक, चाके फिरताना होणारे घर्षण. ते गाडीच्या वजनाच्या साधारण १.२ टक्के धरू. दुसरा, हवेचा विरोध. तो गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर, आकारावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो.

कायेन एस हायब्रिडचे वस्तुमान २,२४० किलोग्रॅम. म्हणजे घर्षण सुमारे २६० न्यूटन. समोरचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.३६ धरला तर हवेचा विरोध सुमारे २९० न्यूटन. एकूण ५५० न्यूटन. हा विरोध १०० किलोमीटर रेटत नेण्याचे कार्य साडेपाच कोटी जूल होते. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरले तर एका लिटरमागे ८० लाख जूल कामाला येतात. तेव्हा सुमारे ७ लिटर लागतील.

आता साडेआठशे किलोची छोटी चारचाकी घ्या. घर्षण १०० न्यूटन, हवेचा विरोध सुमारे २०० न्यूटन, एकूण ३०० न्यूटन. हिशेब तोच ठेवला तर १०० किलोमीटरला पावणेचार लिटर. या छोट्या गाडीला बॅटरी लावलेली नाही, डिझेल घातलेले नाही, काही विशेष तंत्र वापरलेले नाही. तिला फक्त काम कमी दिले आहे.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. कार्यक्षमता आणि बचत हे दोन शब्द जाहिरातीत एकमेकांच्या जागी वापरले जातात. कार्यक्षमता म्हणजे दिलेल्या ऊर्जेतून किती काम निघाले याचे गुणोत्तर. बचत म्हणजे खर्चच कमी होणे. कार्यक्षमता वाढवून मिळालेला फायदा पुन्हा वजन आणि ताकद वाढविण्यात घातला तर गुणोत्तर सुधारते आणि खर्च जिथल्या तिथे राहतो. हायब्रिड करताना एस गाडीचे वस्तुमान २,०६५ वरून २,२४० किलोग्रॅम झाले, म्हणजे १७५ किलोंची भर पडली. पुढे २०१९ साली याच मालिकेत ‘टर्बो एस ई-हायब्रिड’ आली. तिची ताकद ६८० अश्वशक्ती आणि वस्तुमान जवळजवळ अडीच टन! शब्द ‘हायब्रिड’ हाच, पण येथे विजेची मोटर काटकसरीपेक्षा जोरासाठी अधिक कामाला लावलेली आहे.

हायब्रिड काय वाचविते?

असे असले तरी हायब्रिडमधले विज्ञान खोटे नाही, आणि ते वर्गात अवश्य शिकवावे. धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. २,२४० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगाने जात असेल, तर ही ऊर्जा सुमारे ३.१ लाख जूल भरते. साधा ब्रेक लावला की ती सगळी चकत्यांच्या घर्षणात उष्णता होऊन उडून जाते. हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना विजेची मोटर जनित्र बनते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत साठवते. गाडी पुन्हा निघताना तोच साठा वापरला जातो. शिवाय सिग्नलला उभे असताना पेट्रोल इंजिन बंद राहते.

अर्धी ऊर्जा परत मिळाली असे धरू. म्हणजे ताशी ६० वरून एकदा थांबण्यामागे दीड लाख जूलांची कमाई. एक लिटर पेट्रोलचे ८० लाख जूल वाचवायला सुमारे पन्नास वेळा थांबावे लागेल. वेग ताशी ३० असेल तर ऊर्जा एकचतुर्थांश होते, मग दोनशे वेळा. मुंबई-पुण्याच्या गर्दीत हा हिशेब जमू शकतो. साकोलीहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, जिथे तास तास ब्रेकला पाय लागत नाही, तिथे बॅटरी आणि मोटर यांचे ओझे वाहण्याचेच काम अधिक होते.

दोन गोष्टी मुलांच्या लक्षात आणून द्याव्यात. पहिली : एस हायब्रिडची बॅटरी बाहेरून चार्ज करण्याची सोय नव्हती आणि तिची क्षमता १.७ किलोवॉट-तास, म्हणजे सुमारे ६० लाख जूल होती. ती गल्ल्यासारखी आहे; पैसा साठतो, कमाई मात्र पेट्रोलचीच. दुसरी : अवजड गाडी ब्रेक लावताना जास्त ऊर्जा परत मिळविते, कारण ती वेग घेताना जास्त ऊर्जा घालते. ८० किलोंचा सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याच्याजवळ जेमतेम ७०० जूल असतात. त्याला वाचवायला काही उरतच नाही, कारण त्याने खर्चच केलेला नसतो.

चाचणीचा रस्ता आणि खरा रस्ता

आतापर्यंत आम्ही कंपनीचे आकडे खरे धरून चाललो. पण हे आकडे येतात कोठून? २०१० साली युरोपात गाडी प्रयोगशाळेत रुळांवर उभी करून ठरावीक वेळापत्रकाने चालवीत. चाचणी सुमारे २० मिनिटांची, अंतर ११ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास. भारतात हेच वेळापत्रक थोडा फरक करून वापरात आले; आपल्याकडे त्यातला सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर ठेवला गेला. चढ नाही, उकाड्यात वातानुकूलन नाही, समोर गुरे नाहीत. तुलनेसाठी अशी एकसारखी परीक्षा हवीच. पण प्रश्नपत्रिका आधीच माहीत असेल तर विद्यार्थी तेवढेच प्रश्न पाठ करतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

नेमके हेच डिझेल मोटारींच्या बाबतीत उघड झाले. डिझेल इंजिनात जास्त तापमान आणि मुबलक ऑक्सिजन असल्यामुळे हवेतलाच नायट्रोजन जळून त्याची ऑक्साइडे बनतात. ती श्वसनमार्गाला घातक असतात, आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. त्यांवर एक उपाय दिघोरीच्या मुलांना नावाने ओळखीचा आहे : युरिया. युरियाचे शुद्ध द्रावण धुरात फवारले की त्यापासून अमोनिया मिळतो, आणि तो उत्प्रेरकावर या ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर करतो. उपाय चांगला आहे, पण द्रावण खर्च होते, टाकी भरावी लागते, जागा लागते.

२०१३-१४ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहान गटाने मापनयंत्रे थेट गाडीच्या मागे बसविली आणि गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या. या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे भारतीय संशोधकही होते. फोक्सवॅगनच्या दोन डिझेल मोटारी प्रयोगशाळेत उत्तीर्ण होत आणि रस्त्यावर मर्यादेच्या अनेक पट धूर सोडीत. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस दिली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली गाडीच्या संगणकात होती. २ नोव्हेंबर २०१५ च्या दुसऱ्या नोटिशीत कायेनच्या डिझेलचेही नाव आले. नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या नऊ पटींपर्यंत असल्याचे त्यात म्हटले होते. जुलै २०१७ मध्ये जर्मन सरकारने युरोपातल्या सुमारे २२,००० डिझेल कायेन परत बोलाविण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये पोर्शेने डिझेल कायमचे सोडत असल्याचे जाहीर केले आणि मे २०१९ मध्ये कंपनीला ५३.५ कोटी युरोंचा दंड झाला.

हे प्रकरण महाराष्ट्रापर्यंत आले. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आणि भारतातल्या मोटारींची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्याला. तिथल्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २४ हजार डिझेल मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने नियमभंग नाकारला आणि मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबविली. यातून एक सुधारणा मात्र झाली. १ एप्रिल २०२३ पासून भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरची धुराची चाचणीही सक्तीची झाली आहे.

३.४ लिटरचे कोडे

डिझेल गेले तरी कोडे संपले नाही. २०१४ साली बाहेरून चार्ज करता येणारी कायेन ‘एस ई-हायब्रिड’ आली आणि तिचा अधिकृत आकडा होता १०० किलोमीटरला ३.४ लिटर, किलोमीटरला ७९ ग्रॅम! दोन टनांहून जड गाडी मोटारसायकलच्या जवळ कशी पोचली?

उत्तर सूत्रात आहे. बॅटरी संपल्यानंतर गाडी पुढे फक्त २५ किलोमीटर चालेल आणि मग पुन्हा चार्ज होईल, असे युरोपच्या तेव्हाच्या नियमात गृहीत होते. समजा, विजेवर ३६ किलोमीटर झाले, पेट्रोल शून्य. पुढचे २५ किलोमीटर शंभराला ८.३ लिटर या दराने. पेट्रोल सुमारे २.१ लिटर. एकूण ६१ किलोमीटरला २.१ लिटर, म्हणजेच शंभराला ३.४. आता हीच गाडी एका दमात २०० किलोमीटर न्या. १६४ किलोमीटर पेट्रोलवर, म्हणजे १३.६ लिटर, शंभराला ६.८. आणि मालकाने ती चार्ज केलीच नाही तर सरळ ८.३. एकाच गाडीचे तीन आकडे, आणि पत्रकावर छापला जातो तो सर्वांत लहान. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये गाड्यांतच नोंदलेली माहिती तपासली, तेव्हा अशा गाड्यांचा रस्त्यावरचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला.

शिवाय त्या सूत्रात विजेचा धूर शून्य धरलेला होता. आपल्या भागातली मोठी वीजकेंद्रे आठवा : तिरोडा, मौदा, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. सगळी कोळशावर चालणारी. देशात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. विजेवर १०० किलोमीटरला २० युनिटे लागली तर किलोमीटरमागे सुमारे १४० ग्रॅम झाले. डिझेलच्या १९५ पेक्षा ते कमी आहेत, आणि सौर-पवन वीज वाढेल तसे आणखी कमी होतील. पण शून्य नाहीत. रस्त्यावरचा धूर धुराड्यात गेला एवढेच.

कोणाच्या खात्यावर?

आता तिसरा प्रश्न. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत झाले नाहीत. शेतकऱ्याचा पंप, ट्रॅक्टर, एस.टी. आणि मालट्रक यांना झळ पोचू नये म्हणून डिझेल खर्चापेक्षा कमी दराने विकले जाई आणि तोटा सार्वजनिक तिजोरी सोशी. पण पंपावरचे नळकांडे गाडी पाहून दर लावत नाही. लिटरमागे १० रुपयांची सवलत धरली, तर आलिशान डिझेल गाडीला दर १०० किलोमीटरमागे ७४ रुपये दिघोरीच्या शेतकऱ्याच्या नावाने मिळत होते. ही ‘बचत’ गाडीच्या मालकाची होती. खाते सर्वांचे होते.

कायद्यानेही काही वेळा चुकीचे माप धरले. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० घन सेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबविली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क लावून ही बंदी उठली. दरम्यान नाशिक आणि चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० या गाड्यांसाठी २.२ लिटरच्या ऐवजी १.९९ लिटरचे इंजिन आले. यात बेकायदा काहीच नव्हते. पण इंजिनाच्या पोटात मावणारी हवा मोजून नळीतून निघणारा धूर कळत नाही. धूर थांबवायचा असेल तर धूरच मोजला पाहिजे. आजही मोटारींवरचा जीएसटी मुख्यतः लांबी आणि इंजिनाचे आकारमान पाहून ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्यांना १८ आणि मोठ्यांना ४० टक्के असा तो आहे.

आणि माणसे मोजली तर? एस.टी. लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास देते. ऐकायला हा आकडा लाजिरवाणा वाटतो. पण तिच्यात ४० माणसे बसली तर एका लिटरमागे १८० प्रवासी-किलोमीटर होतात. डिझेल कायेन लिटरला साडेतेरा देते आणि तिच्यात बहुधा एक किंवा दोन माणसे असतात. म्हणजे फार तर २७. लाखांदूर-साकोली भागातली अर्धी रिकामी एस.टी.सुद्धा या हिशेबात तिप्पट सरस ठरते.

आमचे मत

डिझेल आणि हायब्रिड ही दोन्ही तंत्रे मोलाची आहेत आणि ती घडविणाऱ्या अभियंत्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. एखाद्याला अवजड गाडी घ्यायचीच असेल तर ११.५ लिटरच्या जागी ८.२ लिटरची घेतलेली केव्हाही बरी. आमची हरकत आहे ती या निवडीला निसर्गरक्षण म्हणण्याला. हेच तंत्र जिथे गाडी दिवसभर थांबते आणि निघते, जिथे माणसे भरपूर बसतात, अशा शहरी बसमध्ये घातले तर एका बॅटरीमागे कितीतरी जास्त इंधन वाचेल. सर्वांत उत्तम तंत्र सर्वांत जास्त खाणाऱ्या गाडीत आधी येते, कारण तिथे त्याची किंमत देणारा भेटतो. ही बाजाराची रीत झाली; तिला विज्ञानाचा निष्कर्ष समजू नये.

नववी-दहावीच्या वर्गाला यातून चांगला प्रकल्प देता येईल. दिघोरीच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर तीन नोंदी ठेवाव्यात : घरच्या मोटारसायकलला १०० किलोमीटरला किती लिटर लागले, ट्रॅक्टरला एका एकराच्या चिखलणीला किती लागले, आणि सकाळच्या एस.टी.त थांब्यावर किती माणसे होती. मग वर्तमानपत्रातली मोटारीची एक जाहिरात फळ्याशेजारी चिकटवून तिच्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे तीन प्रश्न लिहावेत : कशाच्या तुलनेत, कोणत्या मापाने, कोणाच्या खात्यावर? ज्या आकड्यापुढे तिन्ही उत्तरे सापडतील तेवढेच वहीत उतरवून घ्यावेत.